एका चौकोनात एकच शब्द

मला घेतलं होतं चित्रकला शिकवायला, पण शाळेला माझ्याकडून हवे होते चौकोन. दर जूनला शाळा उघडायच्या आधी पर्यवेक्षकांचा निरोप यायचा, 'तक्त्याचं बघा.' तक्ता म्हणजे शाळेचं वेळापत्रक. डावीकडं वर्ग आणि तुकड्या, वरच्या बाजूला वार आणि तास, आणि मधे नुसते चौकोन. कुठल्या तासाला कुठला विषय आणि तो कुणाचा, हे त्या चौकोनात लिहायचं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर तो लागायचा आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथंच राहायचा.

गाव पलूसच्या अलीकडचं. शाळा एका संस्थेची, कौलारू, पुढं मोठं पटांगण. मी मूळचा रहिमतपूरकडचा. आमच्या घरात पोरगं जन्माला आलं की एकतर फौजेत जायचं नाहीतर उसात. थोरला भाऊ फौजेत गेला, मधला उसात राहिला, आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वडील म्हणायचे, "चित्रं काडून पोट भरतंय व्हय रं कुनाचं?" त्यांना तोंडावर देता येईल असं माझ्याकडं एकच उत्तर होतं, ते म्हणजे पूर्णवेळ नोकरीची ऑर्डर. ती मी त्यांना दाखवली तेव्हा वाचता येत नसताना त्यांनी ती दोन्ही बाजूंनी बघितली आणि गप्प बसले.

ही पूर्णवेळ भानगड नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. आमची नोकरी तासांवर असायची. आठवड्याला ठरावीक तास भरले तर चित्रकलेचा शिक्षक पूर्णवेळ. तेवढे भरले नाहीत तर अर्धवेळ. अर्धवेळ म्हणजे पगार निम्मा, पुढची काही शाश्वती नाही, आणि स्टाफरूममध्ये चहाच्या वर्गणीचा विषय निघाला की लोक तुमच्याकडं बघून हसणार. गणिताच्या, इंग्रजीच्या माणसाला असली धास्ती नसते. त्यांचे तास ओसंडून वाहत असतात. चित्रकला, संगीत, शिवण ही माणसं मात्र जूनमध्ये वेळापत्रक ठरताना देव पाण्यात घालून बसतात.

तर तक्ता. चार ड्रॉइंग शीट मागच्या बाजूनं खळीनं जोडायचे, प्लायवूडवर ताणून बसवायचे, आणि काळ्या शाईनं रेघा मारायच्या. इथपर्यंत कुणालाही जमेल. खरी मारामारी पुढं. चौकोन सगळे सारखे आणि शब्द सगळे वेगवेगळे. 'भूगोल' कसा, आला आणि बसला. 'गणित' तर पाव्हण्यासारखं ऐसपैस बसतं. पण अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची आली, नवा अभ्यासक्रम आला, आणि वरच्या लोकांनी विषयांना असली नावं दिली की विचारू नका. 'आरोग्य व शारीरिक शिक्षण.' बसवा आता हे अडीच बोटांच्या चौकोनात. आधी मी अक्षरं बारीक केली, तर मुख्याध्यापकांना खुर्चीतून दिसेना. मग उभं लिहिलं, तर वाचणारा मान वाकडी करून बघायला लागला. मग 'आ.शा.शि.' लिहिलं, आणि संस्थेच्या एका संचालकांनी विचारलं की हे कोण नवीन शिक्षक घेतले आपण.

कुणी म्हणेल, चौकोन रुंद करायचा. मलाही एकदा तसलंच सुचलं होतं. एक रकाना रुंद केला की शेजारचा तेवढाच बारीक होतो, कारण कागद काही वाढत नाही. शारीरिक शिक्षणाला जागा दिली की शेजारच्या तासाचं इतिहास-नागरिकशास्त्र अंग चोरून बसतं. एका वर्षी मी लांब शब्द शेजारच्या रिकाम्या चौकोनात थोडा जाऊ दिला. जागा मोकळीच होती, म्हटलं वापरली तर काय बिघडलं. दुसऱ्याच दिवशी हिंदीचे सर लाल होऊन आले. तो रिकामा चौकोन म्हणजे नववीची तुकडी वाचनालयात बसायची तो तास होता. तिथं अर्धा शब्द दिसला म्हणून पीटीच्या शिक्षकांनी ती पोरं मैदानावर नेली होती, आणि हिंदीचे सर वाचनालयात एकटेच बसून राहिले होते.

तेव्हापासून मी कानाला खडा लावला की रिकामा चौकोन रिकामा ठेवायचा नाही. तिथं आडवी रेघ मारायची. रेघ असली की बघणाऱ्याला कळतं, इथं काही नाही आणि ते मुद्दाम ठरवून. नुसतं पांढरं ठेवलं तर ज्याच्या मनात जे येईल ते तो तिथं बघतो.

आणखी एक गंमत सांगतो. खोल्यांचे आकडे पण चौकोनात लिहायचे होते, म्हणून मी सोय केली: आधी इयत्ता, मग तिरकी रेघ, मग खोलीचा नंबर. सातवीचा वर्ग बाराव्या खोलीत बसायचा. पोराचा दाखला न्यायला आलेला एक शेतकरी तक्त्यासमोर उभा राहिला, बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाला, "मास्तर, साळंचा सातबारा भिताडावर लावलायसा व्हय? आन निस्ता सातबाराच? खातेफोड कुठं हाय?" मुख्याध्यापक एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी त्याच दिवशी तिरक्या रेघा खरवडून तिथं 'खोली' असा शब्द घातला.

हे सगळं मी कौतुकानं सांगतोय असं वाटेल. तसं नाही. त्या कामाचा एक पैसा मिळत नव्हता आणि एक तासही धरला जात नव्हता. मे महिन्याची सुट्टी संपायच्या आधी गाव सोडून यायचं, उकाड्यात गुडघ्यावर बसून रेघा मारायच्या, घामाचा थेंब शाईवर पडला की तेवढा भाग परत करायचा. वर "तुम्हाला काय, हातात कला आहे" हे ऐकायचं. तक्त्यावर प्रत्येक विषयाला वेगळा रंग, आणि तो शिक्षकांना वाटून देतानाही ज्येष्ठतेप्रमाणं. गणिताला तांबडा, इंग्रजीला निळा, मराठीला हिरवा. सगळ्यांनी आपापले रंग उचलल्यावर ड्रॉइंग मास्तरला उरला पिवळा. ज्या माणसाचं रंगांवर पोट, त्याला पांढऱ्या कागदावर पिवळा. त्या खोलीत दुपारनंतर पश्चिमेचं ऊन यायचं. दिवाळीपर्यंत माझा पिवळा असा उडायचा की मी शाळेत आहे की नाही हे तक्त्याला नाक लावून बघावं लागायचं.

ज्या वर्षाचं हे सांगतोय त्या वर्षी शाळेत शिवणाच्या बाई नव्या आल्या होत्या. पाटणकडच्या. नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला, पदरात एक मुलगी. शिवणकामाचा कोर्स केला होता आणि संस्थेनं त्यांना घेतलं. गावानं त्यांना डोक्यावर घेतलं म्हटलं तरी चालेल. झेंडावंदनाला त्यांना पहिल्या रांगेत बसवायचे, साडी-नारळ द्यायचे, आणि भाषण करणारा प्रत्येक जण त्यांच्याकडं हात करून बोलायचा. बाई मान खाली घालून बसायच्या. माझा त्यांच्याशी संबंध एवढाच की आमचे तास जोडीचे होते. आठवी-नववीच्या मुलांना चित्रकला असायची तेव्हाच मुलींना शिवण. वर्ग एक, तास एक, विषय दोन. तक्त्यावर त्या चौकोनात मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायचो. वर चित्रकला, खाली शिवण. बारीक अक्षरात का होईना, दोघंही नांदत होतो.

डिसेंबरात कळलं की जानेवारीत शाळेची तपासणी आहे. आमचे पर्यवेक्षक गणिताचे. सांगलीहून सायकल आणि एसटी करत यायचे, शर्टाला सुरकुती नाही, बोलणं मोजकं. माणूस वाईट नव्हता. हे मला लिहावं लागतंय याचाच मला राग येतो. वाईट असता तर किती सोपं झालं असतं. त्यांनी मला तक्त्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "सर, या तिरक्या रेघा काढा. लांबून काही कळत नाही. एका चौकोनात एकच शब्द पाहिजे."

मी म्हटलं, "सर, तास दोघांचा आहे. एक शब्द लिहिला तर दुसऱ्यानं जायचं कुठं?"

"मूळ कागद माझ्या कपाटात आहे ना. त्यात दोन्ही आहेत. हे फक्त दिसायला. तपासणीपुरतं."

"मग कोणता शब्द ठेवू?"

त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "शिवण ठेवा. बाईंच्या पदाला अजून मान्यता यायची आहे. त्यांचे तास ठळक दिसले पाहिजेत. तुमची मान्यता जुनी. तुम्हाला कोण हात लावतो?"

मला पटलं. पटण्यासारखंच होतं. मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, खळ लावली, तिरक्या रेघा झाकल्या, आणि वर जांभळ्या रंगात चांगलं मोठं, गोल, देखणं 'शिवण' लिहिलं. माझ्या हातचं ते सगळ्यात चांगलं अक्षर असेल. पर्यवेक्षक लांब जाऊन, मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून बघून आले आणि म्हणाले, "आता कसं दिसतंय."

तपासणीच्या दिवशी मी हॉलमध्ये पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं होतं. बैलगाडी, गुऱ्हाळ, कृष्णेचा घाट, जे पोरांना दिसतं ते. एका पोरानं आपल्या वडलांना फौजेच्या बूट-टोपीसकट म्हशीची धार काढताना रंगवलं होतं, आणि ते चित्र साहेबांना दाखवायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. साहेब हॉलकडं फिरकलेच नाहीत. मुख्याध्यापकांच्या खोलीत पोहे झाले, चहा झाला, आणि खुर्चीसमोर भिंतीवर एवढा सुरेख तक्ता. साहेबांच्या बरोबरचा माणूस पट्टी घेऊन उभा राहिला आणि एकेक रंग मोजत गेला. कपाटातला कागद कुणी मागितला नाही. कशाला मागतील? सगळं समोर स्पष्ट दिसत होतं. मी दाराशी उभा होतो. तो माणूस पिवळ्यावर आला तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं आणि तो डोळे बारीक करून बघत होता. मला वाटलं आत जावं आणि बोट ठेवून दाखवावं. पण ड्रॉइंग मास्तरला आत बोलावलं नव्हतं.

मार्च-एप्रिलात कागद आला. बाईंच्या पदाला मान्यता. आणि खाली एका ओळीत, चित्रकलेचा कार्यभार अपुरा, सबब पुढच्या वर्षीपासून पद अर्धवेळ.

मी तो कागद हातात घेऊन सरळ पर्यवेक्षकांकडं गेलो. वर्ग चालू होता, तरी त्यांना बाहेर बोलावलं. म्हटलं, "कपाट उघडा. मूळ कागद काढा आणि आत्ताच्या आत्ता वर पाठवा."

त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली. "सर, विचार करा. साहेबांनी तक्ता बघून लिहिलंय. आता आपण म्हणालो की खरं वेळापत्रक वेगळं आहे, तर तक्ता खोटा होता असं होईल. खोटा तक्ता दाखवून मान्यता घेतली असं होईल. बाईंचं पद त्याच दिवशी जाईल. आणि तुमचं परत येईलच असंही नाही."

"मग मी काय करू?"

"थोडा धीर धरा. पुढच्या वर्षी तुकडी वाढली की बघू."

"मला आधी विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

यावर मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. वर्गातली पोरं खिडकीशी आली होती. पण खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यभर शोधतोय. कदाचित मी हो म्हटलं असतं. विधवा बाई, लहान पोर, लढाईत गेलेला नवरा. मीही फौजीच्या घरातला आहे, भाऊ तिकडंच होता त्या लढाईत, तो परत आला एवढाच फरक. कदाचित मी छाती फुगवून म्हटलं असतं, घ्या माझे तास. ते माझं देणं झालं असतं. पण मला कुणी विचारलंच नाही. माझ्याच हातानं, माझ्याच रंगांनी मला पुसून घेतलं, आणि वर 'कसं दिसतंय' म्हणून कौतुक केलं. आणि ओरडायची पण सोय नाही, कारण ओरडलो तर त्या बाईच्या पोटावर पाय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्हंजे पुन्य तुमचं, आन उपास आमचा."

मी म्हटलं, "मी कुठं पुण्य केलं? माझ्याकडून करून घेतलं."

"मग त्ये तर पुन्य बी न्हाई. आवं, निदान केलं आसतं तर चार मानसांत सांगायला तरी आलं आसतं." ती रडली नाही. त्या दिवसापासून तिनं चहात दूध निम्मं केलं आणि मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मे महिन्यात रहिमतपूरला गेलो. वडलांना सांगणं भाग होतं. ते गोठ्यापुढं बसून दावं वळत होते. म्हणाले, "अर्धी नोकरी? म्हंजे सकाळचा मास्तर, आन दुपारचा कोन?" त्यांनी दावं वळून पुरं केलं, गाठ मारली, आणि खुंटीला अडकवून आत गेले. त्यानंतर ते वारले तोवर त्यांनी माझ्या नोकरीचा विषय काढला नाही. चिडवलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी चिडवायचंसुद्धा सोडून दिलं.

दुपारचा कोण, याचं उत्तर मी लवकरच शोधलं. दुपारी मी पाट्या रंगवायला लागलो. खताच्या दुकानाची, सायकलच्या दुकानाची, ट्रकच्या मागं 'पुन्हा भेटू'. पाटीवाल्याला एक सुख असतं: गिऱ्हाईक आधी सांगतं काय लिहायचं, आणि अक्षर मावत नसेल तर लाकूड मोठं आणतं.

जून आला. आणि निरोपही आला, 'तक्त्याचं बघा.' गरज सरो वैद्य मरो म्हणतात; इथं वैद्य मेला तरी त्याची गरज काही सरत नव्हती. मी गेलो. चार शीट जोडले, प्लायवूडवर ताणले, काळ्या शाईनं रेघा मारल्या, रंग भरले. सोमवार केला, मंगळवार केला, बुधवार केला. पुढं सगळे चौकोन कोरे ठेवले आणि तक्ता भिंतीवर लावून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकांनी बोलावलं. मुख्याध्यापकही होते. "सर, गुरुवारचं काय?"

म्हटलं, "अर्धवेळ माणूस अर्धाच तक्ता काढणार. गुरुवारपासून पुढचा पूर्णवेळवाल्यानं काढावा."

मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना हसू आलं होतं की वाईट वाटलं होतं ते मला कळलं नाही. पर्यवेक्षकांनी स्वतः उरलेला तक्ता काढला. गणिताचा माणूस, रेघा सरळ आल्या, पण अक्षरं अशी की शनिवारपर्यंत जाता जाता ती चौकोनाच्या बाहेर लोंबायला लागली. वर्षभर तो तक्ता तसाच लटकत होता, निम्मा माझा आणि निम्मा त्यांचा. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, हे असं का, आणि कुणीतरी त्याला सांगायचं. नोकरीत मला एवढा एकच आनंद मिळाला असेल.

आता बाईंचं सांगतो. ऑर्डर आल्यापासून मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. त्यांना काही माहीत नसावं असं मी धरून चाललो होतो. पण पावसाळ्यात शाळेनं माझी चित्रकलेची खोली काढून शिवणाला दिली, अर्धवेळ विषयाला वेगळी खोली कशाला म्हणून. मी माझे बोर्ड आणि रंगांच्या बाटल्या न्यायला गेलो. दुपारची सुट्टी होती. बाई मशीनमध्ये दोरा ओवत होत्या. आणि मी वाटेत मनाशी सगळं ठरवत गेलो होतो. आधी सगळं सांगायचं, तुमची नोकरी माझ्या तासांवर उभी आहे हे तोंडावर सांगायचं. त्या रडतील. मग म्हणायचं, असू द्या बाई, मी काही मनात ठेवलेलं नाही. एवढं तरी मला मिळायला हवं होतं.

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला एक सांगायचंय. त्या तपासणीच्या वेळी..."

"मला म्हाईत हाय, सर," बाई म्हणाल्या. एरवी त्या शाळेत शुद्ध बोलायच्या. "पर्यवेक्षक सरांनी मला आधीच सांगितलं होतं. म्हणाले, ड्रॉइंगच्या सरांना काही होणार नाही. मला तवाच कळलं, हुणार."

मी म्हटलं, "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"मी आले होते. तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेले, एकदा न्हाई, दोनदा."

"आत यायचं होतं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"तेच की," बाई म्हणाल्या. "तुमी खाल्लं नसतं. तुमी म्हणाला असता, असू द्या बाई." त्यांनी दोरा सोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "हे गेल्यापासून समदं गाव मला 'असू द्या बाई' म्हणतंय. गिरणीत नंबर सोडतात. एसटीत उठून जागा देतात. भाजीवाली वजनात जास्त टाकते आणि डोळं पुसते. माझी पोरगी कुणाच्या पोराला मारून आली तरी त्याची आई भांडायला येत न्हाई. मला कुणाशी भांडायची चोरी झालीया, सर. तुमचे तास मला पाहिजे होते. पोरगी हाय, मी घेतले. आत येऊन मागितले असते तर तुमी दिले असते, आणि मग रोज स्टाफरूममध्ये तुमच्या उपकारात बसावं लागलं असतं. त्यापरीस तुमी माझ्यावर चिडलेले बरे. शिव्या द्या, मी ऐकून घेते. पण दिलं म्हणू नका."

बाहेर पोरं डबे आपटत होती. माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथंच राहिलं. खरं तर मला त्या बाईचा भयंकर राग आला. नोकरी गेली, बापापुढची किंमत गेली, बायकोच्या चहातलं दूध गेलं. उरलं होतं ते एवढंच, मोठ्या मनाचा माणूस म्हणवून घ्यायचं. तेही या बाईनं माझ्याकडून काढून घेतलं होतं, माझ्या तोंडावर.

मी म्हटलं, "तुम्ही माझे तास खाल्ले."

"व्हय," बाई म्हणाल्या.

मी बोर्ड उचलले आणि निघालो.

त्यानंतर मी त्या शाळेत बरीच वर्षं काढली. तुकडी वाढली, पण माझे तास परत पूर्ण भरले नाहीत. बाईंशी मी बोललो नाही. स्टाफरूममध्ये त्या आल्या की मी उठून जायचो. लोक मला समजवायचे, "सोडा आता सर, बिचारी विधवा बाई, किती दिवस धरून बसणार?" मुख्याध्यापकांनी एकदा दोघांना बोलावून समेट घडवायचा प्रयत्न केला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बिचारी कसली? चांगली धडधाकट आहे. माझी नोकरी खाऊन बसली आहे." खोलीतल्या सगळ्यांनी मान खाली घातली. माझा राग खरा होता, त्यात नाटक करायची मला कधी गरजच पडली नाही. बाई तेवढ्या सगळ्यांत मान वर करून माझ्याकडं बघत होत्या, आणि ज्यांना गावात कुणाशी भांडायची चोरी होती, त्यांनी मला तिथल्या तिथं उलटून उत्तर दिलं.